धावणाऱ्याची वर्गणी

बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात २२ ऑगस्ट १९२० रोजी ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. अंतर आजच्यापेक्षा थोडं जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं. ४२.१९५ हा आकडा कायमचा ठरला तो पुढच्या वर्षी. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन अडीच तासांहून थोडा जास्त वेळ घेऊन पहिला आला. एकोणिसाव्या क्रमांकावर होते बेळगावचे फडेप्पा चौगुले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. त्याच शर्यतीत सदाशिव दातारही धावले, पण त्यांना ती पूर्ण करता आली नाही.

हल्ली पुण्यातल्या कुठल्याही रनिंग ग्रुपमध्ये कुणी तीन तासांच्या आत फुल मॅरेथॉन मारली, की आठवडाभर व्हॉट्सॲपवर अभिनंदन चालतं. चौगुल्यांनी ते शंभर वर्षांपूर्वी केलं, तेही एनर्जी जेल, स्मार्टवॉच आणि कार्बन प्लेटवाले बूट यांच्याशिवाय. पण मला त्यांच्या वेळेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं कुतूहल आहे. बेळगावहून अँटवर्पला जायचे पैसे त्यांना कुणी दिले?

हे कुतूहल आलं गोंदियातल्या एका प्रश्नातून. मी पहिली मॅरेथॉन धावणार होतो आणि त्या निमित्ताने विदर्भातल्या दिव्यांग खेळाडूंच्या प्रवासखर्चासाठी पैसे गोळा करत होतो. लिंक पाठवली की ऑफिसातले लोक पाचशे-हजार टाकत होते, कुणी फार विचारत नव्हतं. दिवाळीत घरी गेलो तेव्हा शेजारच्या काकांनी मात्र सरळ विचारलं, "तू धावशीन, अना पैसे आमी कायले देवाचे?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते. त्यासाठी वर्गणी निघते आणि दिलेल्या पैशाची दंडार डोळ्यांसमोर उभी राहते. इथे मात्र धावणार एक, खेळणार दुसरा आणि पैसे देणार तिसरा. या तिघांचा एकमेकांशी संबंध काय? उत्तर शोधायला वाचत गेलो, तेव्हा हा संबंध मला वाटला होता त्याहून बराच जुना निघाला.

दोराबजींचा खिसा

दोराबजी टाटा तेव्हा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये त्यांना एक गोष्ट दिसली. खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुलं अनवाणी पायांनी लांब पल्ल्याच्या शर्यती धावत होती आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या. या मुलांना प्रशिक्षक नव्हता, आणि ऑलिंपिक हा शब्दही त्यांच्यातल्या बहुतेकांनी ऐकला नसावा.

दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्याकडे शब्द टाकला आणि भारताला ऑलिंपिकचं दार उघडलं. १९२० मध्ये पुण्यात निवड झाली. चार धावपटू आणि कुमार नवले, रणधीर शिंदे हे दोन पैलवान असा सहा जणांचा संघ निघाला. खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी स्वतःच्या खिशातून उचलला. पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले.

म्हणजे भारतातल्या धडधाकट खेळाडूंचा ऑलिंपिक प्रवासही देणगीतूनच सुरू झाला. फरक पुढे पडला. त्यांच्यासाठी हळूहळू संघटना उभ्या राहिल्या, रेल्वे-पोलीस-सैन्यात खेळाडूंना नोकऱ्या मिळू लागल्या, सरकारी क्रीडा खाती आली. देणगीच्या जागी व्यवस्था आली. ती अजूनही धड नाही, पण आहे. दिव्यांग खेळाडूंना मात्र या देणगीच्या टप्प्यातून बाहेर पडायला फार वेळ लागला. तो वेळ किती, हे एका मराठी माणसाच्या आयुष्यावरून नीट मोजता येतं.

हॉस्पिटलमधले सोळा तिरंदाज

त्या माणसाकडे जाण्याआधी तो ज्या खेळात उतरला त्याची सुरुवात पाहायला हवी. पाठीच्या कण्याला इजा झालेला माणूस एकेकाळी फार जगत नसे. अंथरुणावर पडून जखमा होत, लघवीच्या मार्गात संसर्ग होई आणि त्यातच तो जाई. दुसऱ्या महायुद्धात असे हजारो तरुण सैनिक जायबंदी झाले. नाझींच्या जर्मनीतून इंग्लंडला निसटून आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान हे स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये अशा सैनिकांवर उपचार करत. त्यांनी रुग्णांना पडून राहू दिलं नाही. खेळ हा त्यांच्या उपचाराचाच भाग होता.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी गुटमान यांनी हॉस्पिटलच्या आवारात तिरंदाजीची स्पर्धा घेतली. व्हीलचेअरवर बसलेले १६ स्त्री-पुरुष तीत उतरले. बारा वर्षांनी, १९६० मध्ये, रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. ते पहिलं पॅरालिंपिक मानलं जातं. भारत १९६८ मध्ये, तेल अवीवला, पहिल्यांदा त्यात उतरला.

त्या संघात होते सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. ते सैन्यात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं आणि त्यातून जलतरणपटू घडला. तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिंपिक झालं. खरं तर ते ऑलिंपिकच्याच म्युनिकमध्ये व्हायला हवं होतं, पण तिथलं क्रीडाग्राम फ्लॅट म्हणून आधीच देऊन टाकलेलं होतं. हायडेलबर्गला पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक मिळून भारताचं हे पहिलं वैयक्तिक सुवर्ण.

त्यांच्या परदेश प्रवासाला मदत केली ती क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मार्फत त्यांनी पैशांची सोय केली. अँटवर्पला दोराबजी, हायडेलबर्गला मर्चंट. बावन्न वर्षांनंतरही खेळाडू कुणा एका भल्या माणसाच्या शब्दावरच परदेशी जात होता.

सुवर्णानंतरची बारा वर्षं

सुवर्णपदकानंतर काय झालं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात बोलकं पान वाटतं. १९७६ च्या पॅरालिंपिकला भारताने संघच पाठवला नाही. १९८० लाही नाही. विश्वविक्रमी सुवर्ण जिंकून आलेला देश पुढची बारा वर्षं त्या मैदानावर फिरकला नाही.

कारण समजायला अवघड नाही. देणगीने एक माणूस हायडेलबर्गला पोहोचला होता. मागे तालीम नव्हती, प्रशिक्षक नव्हते, पुढची फळी निवडणारं कुणी नव्हतं. पॅरालिंपिकसाठीची राष्ट्रीय संघटनाच मुळी १९९२ मध्ये उभी राहिली. १९८४ मध्ये भारत परतला आणि चार पदकं घेऊन आला. त्यात भालाफेकीतलं एक रौप्य भीमराव केसरकर यांचं होतं. आज हे नाव किती जणांना ठाऊक आहे?

पेटकरांनी अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज १९८२ मध्ये नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, सुवर्णानंतर ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट आला आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन पुरस्काराचा जीवनगौरव मिळाला. आमच्या पिढीला ते कळले ते पोस्टरवरून.

धावणारा कोण, घेणारा कोण

दरम्यान दुसरीकडे मॅरेथॉन बदलत होती. १९७५ मध्ये बॉस्टनमध्ये बॉब हॉल नावाच्या तरुणाने व्हीलचेअरवरून शर्यतीत उतरायची परवानगी मागितली. आयोजकांनी अट घातली, तीन तासांच्या आत आलास तर प्रमाणपत्र देऊ. हॉलने २ तास ५८ मिनिटांत शर्यत संपवली. तिथून मोठ्या मॅरेथॉनमध्ये व्हीलचेअरची वाट मोकळी होत गेली. १९८१ मध्ये सुरू झालेल्या लंडन मॅरेथॉनने १९८३ पासून व्हीलचेअर शर्यत घेतली.

१९८० मध्ये कॅनडात टेरी फॉक्स धावला. कॅन्सरमुळे उजवा पाय मांडीपासून काढलेला, वय एकवीस. कृत्रिम पायावर तो रोज जवळजवळ एक मॅरेथॉन धावत होता, कॅन्सर संशोधनासाठी पैसे मागत. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले तेव्हा कॅन्सर फुप्फुसात पसरल्याचं कळलं आणि त्याला थांबावं लागलं. प्रत्येक कॅनडावासीयामागे एक डॉलर, असं त्याचं उद्दिष्ट होतं. १९८१ मध्ये तो गेला, पण त्याआधी ते पूर्ण झालं होतं. त्याला व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये ओढणारा मित्र रिक हॅन्सन १९८५ ते १९८७ या काळात व्हीलचेअरवरून ३४ देशांत ४०,००० किलोमीटर फिरला आणि पाठीच्या कण्याच्या संशोधनासाठी त्याने २.६ कोटी कॅनेडियन डॉलर उभे केले.

फॉक्स आणि हॅन्सन यांच्या बाबतीत धावणारा आणि ज्याच्या नावाने पैसा उभा राहतो तो, असे दोघे वेगळे नव्हते. लोकांनी त्यांच्या घामाकडे बघून पैसे दिले. आजच्या चॅरिटी मॅरेथॉनमध्ये हे दोघे वेगळे झालेत. माझ्यासारखा दोन पायांवर धडधाकट माणूस धावतो, फोटो त्याचा निघतो, मेडल त्याच्या गळ्यात पडतं, आणि ज्याच्यासाठी पैसे जमतात तो एका ओळीच्या वर्णनात उरतो.

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि समाजकार्यासाठी निधी उभारणं हे तिचं अंग बनलं. आज शेकडो संस्था तिच्यातून पैसे उभे करतात. आम्हा गोंदियावाल्यांसाठी सोय अशी की आमची विदर्भ एक्सप्रेस थेट सीएसएमटीला संपते आणि फुल मॅरेथॉन तिथूनच सुरू होते. जानेवारीतल्या रविवारी पहाटे अंधारात निघालो, सी-लिंकवर उजाडताना पाहिलं, आणि तिशी ओलांडलेल्या किलोमीटरांनंतर पेडर रोडचा चढ आला तेव्हा उन्हाने तोंड कोरडं पडलं होतं. पाच तासांच्या आसपास पोहोचलो. चौगुल्यांपेक्षा दोन तास उशिरा.

त्याच दिवशी दिव्यांगांची वेगळी धाव असते. अंतर दोन किलोमीटरहून कमी. व्हीलचेअर, कुबड्या, हातात हात घालून चालणारे अंध मुलगे-मुली असे सगळे त्यात असतात. अनेकांसाठी तो वर्षातला सर्वात आनंदाचा दिवस असतो आणि त्यात खोटं काही नाही. पण त्या आनंदाच्या पुढचा प्रश्न उरतोच. यातल्या एखाद्या मुलीला खरोखर ४२ किलोमीटर धावायचं असेल, तर त्यासाठी काय लागेल?

तिकीट दोघांचं लागतं

हा हिशेब मी पैसे गोळा करताना शिकलो. पूर्ण अंध धावपटूला सोबत गाइड लागतो. दोघांच्या हातात एक छोटी दोरी असते. या गटात धावताना डोळ्यांवर पट्टीही बांधावी लागते, म्हणजे थोडा उजेड दिसणारा आणि काहीच न दिसणारा एका पातळीवर येतात. गाइड धावपटूपेक्षा वेगवान हवा, नाहीतर तोच आधी दमतो. सरावालाही तो रोज हवा. म्हणजे प्रवासाचं तिकीट दोघांचं, जेवण दोघांचं, आणि गाइडची नोकरीतली रजाही दोघांचाच प्रश्न. शर्यतीची व्हीलचेअर तीन चाकांची असते, खेळाडूच्या मापाने बनवावी लागते आणि तिची किंमत लाखांत जाते. त्यावर बसून सराव करायला खड्डे नसलेला रस्ता लागतो. तो शोधणं कदाचित सर्वात महाग.

वर्गीकरणाचा खर्च वेगळा. ॲथलेटिक्समध्ये टी म्हणजे ट्रॅक आणि एफ म्हणजे फील्ड. पुढचा आकडा अपंगत्वाचा प्रकार आणि तीव्रता सांगतो. ११ ते १३ दृष्टिदोष, २० बौद्धिक अक्षमता, ५१ ते ५७ बसून खेळणारे. हा आकडा मिळवायला अधिकृत तज्ज्ञांसमोर जावं लागतं. गोंदियातल्या सालेकसा किंवा देवरी तालुक्यातल्या मुलासाठी ते 'समोर' बहुतेक वेळा एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर असतं.

पैसा वेळेवर न पोहोचणं म्हणजे काय, हे विदर्भाने २०१७ मध्ये पाहिलं. अमरावतीच्या कांचनमाला पांडे या अंध जलतरणपटू नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करतात. त्या वर्षी जुलैत बर्लिनच्या स्पर्धेला गेलेल्या भारतीय दिव्यांग जलतरणपटूंना मंजूर झालेले पैसे वेळेत मिळाले नाहीत आणि परक्या शहरात उसनवारी करून दिवस काढावे लागले. त्याही अवस्थेत पांडे यांनी तिथे रौप्य जिंकलं. डिसेंबरमध्ये मेक्सिकोतल्या जागतिक स्पर्धेत त्यांनी २०० मीटर मेडलीत सुवर्ण जिंकलं. हायडेलबर्गनंतर ४५ वर्षांनीही खेळाडू पाण्यात जिंकत होता आणि काठावर पैशांची वाट बघत होता.

तरीही काहीतरी बदललं आहे, हे आकड्यांत दिसतं. १९६८ पासून २०१६ च्या रिओपर्यंत भारताची पॅरालिंपिक पदकं सगळी मिळून १२. टोकियोत एकदम १९. २०२४ च्या पॅरिसमध्ये २९. पॅरिसच्या यादीत सांगली जिल्ह्यातले सचिन खिलारी आहेत, १६.३२ मीटर गोळाफेकून रौप्य मिळवणारे. अचानक देशात गुणवान दिव्यांग खेळाडू जन्माला आले असं नव्हे. ते आधीही होतेच. पदक मिळण्याआधी पैसा, प्रशिक्षक आणि परदेशी सराव मिळू लागला, आणि त्यात २०१४ पासूनच्या केंद्र सरकारच्या 'टॉप्स' योजनेचा वाटा मोठा आहे. हायडेलबर्ग आणि पॅरिस यांच्यामधला फरक तोच.

गोंदियाचा हिशेब

पण पॅरिसची पायरी फार वर आहे. खाली काय आहे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. तेव्हा कायदा ७ प्रकारचं अपंगत्व मानत होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती संख्या २१ केली. त्यात सिकलसेल आला. आमच्या पूर्व विदर्भात हा आजार घराघरांत माहीत आहे. शाळेत खेळाच्या तासाला झाडाखाली बसवलेली मुलं मला आठवतात. त्यांचे सांधे दुखायचे आणि सर त्यांना आळशी समजायचे.

इथे एक विचित्र पेच आहे. कायद्याने सिकलसेलला अपंगत्व मानलं, पण पॅरालिंपिकच्या दहा पात्र प्रकारांत तो बसत नाही. शिवाय जास्त दमणं आणि शरीरातलं पाणी कमी होणं या रुग्णांना धोक्याचं असतं. म्हणजे त्यांच्यासाठी मॅरेथॉनही नाही आणि पदकही नाही. त्यांना हवा आहे सावलीतला, डॉक्टरला विचारून बेतलेला, पाण्याची सुट्टी असलेला खेळाचा तास. यासाठी कुणी ४२ किलोमीटर धावत नाही, कारण याचा फोटो चांगला येत नाही.

आणि त्यासाठी देणगीवर अवलंबून राहायचं कारणही नाही. याच कायद्याचं कलम ३० फक्त खेळाबद्दल आहे. दिव्यांगांचा खेळातला सहभाग, त्यांच्या प्रशिक्षणाच्या सुविधांसाठी निधी, त्यांच्या स्पर्धा, ही सरकारची जबाबदारी म्हणून त्यात लिहिली आहे. कंपनी कायद्याखाली मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते आणि त्या यादीत ग्रामीण खेळ व पॅरालिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट शब्दांत आहे. माझ्यासारख्या आयटीवाल्याने हे आपल्या एचआरला विचारायला हरकत नाही. आणि सगळ्यात जवळचं म्हणजे, महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. आधी ती ३ टक्के होती.

माझ्या लिंकवर शेवटी ९४ हजार रुपये जमले. चार खेळाडू आणि त्यांचे सोबती यांच्या एका स्पर्धेच्या प्रवासात आणि राहण्यात ते संपले. मला त्याचं समाधान आहे. त्या चौघांना त्या वर्षी दुसरा कुणी पाठवणार नव्हता, आणि कलम ३० चा हवाला देऊन रेल्वेचं तिकीट मिळत नाही. म्हणून वर्गणी हवीच. दोराबजींनी वाट पाहिली असती तर अँटवर्पची यादी चौगुल्यांशिवाय छापली गेली असती.

पण वर्गणीची मर्यादाही इतिहासानेच दाखवली आहे. तिने एक माणूस एकदा पोहोचतो. पुढच्या वर्षी कोण पोहोचणार, हे ती सांगू शकत नाही. सुवर्णानंतरची ती बारा वर्षं त्याचाच पुरावा आहेत. वर्गणीने उघडलेल्या दारात हक्काने पाय ठेवला नाही, तर ते दार परत लागतं.

काकांना मी एवढंच सांगितलं, की दोराबजी नावाच्या माणसाने कधीकाळी दुसऱ्याच्या धावण्याचे पैसे भरले, म्हणून आज आपला देश ऑलिंपिकमध्ये धावतो. आता हीच सुरुवात दुसऱ्या काही मुलांसाठी करायची आहे, आणि ती कायम आपल्याच खिशातून करायची गरज पडू नये म्हणून ग्रामसभेत हिशेबही विचारायचा आहे. त्यांनी दोनशे रुपये दिले.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होते. पुढच्या काही दिवसांतच २६ जानेवारी येते आणि गावात ग्रामसभा भरते. तिथे उभं राहून विचारायचा प्रश्न सोपा आहे. दिव्यांगांच्या ५ टक्क्यांचे गेल्या वर्षी किती झाले, कुणाला मिळाले, आणि त्यातले खेळायला किती गेले? हे विचारायला चॅरिटी बिब लागत नाही आणि सोळा आठवड्यांचा ट्रेनिंग प्लॅनही लागत नाही. काका म्हणाले, त्या दिवशी ते येतील.